चवथीपर्यंत सिम्युलेटर, दसऱ्यानंतर ॲम्प

गोव्यात गणपतीची गाणी रेकॉर्ड होतात आषाढ-श्रावणात. चवथीच्या आधी पंधरा दिवस तरी गाणे यूट्यूबवर गेले पाहिजे, त्याआधी व्हिडिओ, त्याआधी मिक्सिंग. म्हणजे गिटार वाजवायची वेळ येते ती नेमकी पाऊस कोसळत असताना. माझी खोली बांदोड्याला, जुन्या घराच्या मागच्या अंगाला. भिंती चिऱ्याच्या, वर नळे (म्हणजे कौले), मध्ये सीलिंग नाही. या खोलीत मी माईक लावून गिटारचा खरा ॲम्पही (ॲम्प्लिफायर) रेकॉर्ड करतो आणि त्याची नक्कल करणारा कंप्यूटरमधला सिम्युलेटरही, म्हणजे सिम, वापरतो. दोन्हींबद्दल गिटारवाले लोक जी छातीठोक विधाने करतात त्यांतली निम्मी मला पटत नाहीत. तेव्हा हा रिव्ह्यू एका ॲम्पचा आणि त्याच ॲम्पच्या डिजिटल नकलेचा.

ॲम्प आहे फेंडरचा ब्लूज ज्युनिअर. १५ वॅट, १२ इंची एकच स्पीकर, आउटपुटला ईएल८४ च्या दोन ट्यूब (जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह) आणि त्यांच्या आधी १२एएक्स७ च्या तीन. १५ वॅट ऐकून नाक मुरडू नका. ट्यूबचे १५ वॅट बंद खोलीत पुरून उरतात. फळीवरचा रिकामा तांब्या एका ठरावीक सुराला थरथरतो आणि तो थरथराट माईकमध्ये स्वच्छ ऐकू येतो. रेकॉर्डिंगच्या आधी फळी रिकामी करणे हा आमच्याकडे साउंडचेकचा भाग आहे. समोर माईक शुअरचा एसएम५७. १९६५ पासून बाजारात आहे, गिटारच्या ॲम्पसमोर जगभर हाच लावतात, आणि हातोडीसारखा वापरला तरी बिघडत नाही.

नक्कल केली आहे न्यूरल ॲम्प मॉडेलरने, ज्याला सगळे नॅम म्हणतात. हे फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. बाकीच्या बऱ्याच सिम्युलेटरांत कुणीतरी इंजिनिअरने ॲम्पचे सर्किट गणितात उतरवलेले असते. नॅमला सर्किटाशी घेणेदेणे नाही. तीनेक मिनिटांची एक ठरलेली ऑडिओ फाइल इंटरफेसमधून (कंप्यूटरला आवाज आत-बाहेर नेणारी पेटी) रीॲम्प बॉक्समार्गे (रेकॉर्ड केलेला सिग्नल गिटारच्या पातळीवर आणणारी डबी) ॲम्पमध्ये सोडायची, माईकमध्ये जे येईल ते रेकॉर्ड करायचे, आणि आत गेलेले व बाहेर आलेले यांतला संबंध न्यूरल नेटवर्कला शिकू द्यायचा. ग्राफिक कार्ड नसेल तर हे शिकवण्याचे काम गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवरही होते. शेवटी एक छोटी फाइल मिळते. ती प्लगइनमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) उघडली की तुमचा ॲम्प तयार.

तयार म्हणजे त्या एका सेटिंगपुरता. व्हॉल्यूम सहावर आणि ट्रेबल पाचवर ठेवून फाइल केली असेल तर ती तशीच राहणार. खऱ्या ॲम्पवर व्हॉल्यूम आठवर नेला की जे होते ते इथे नॉब फिरवून होत नाही, त्यासाठी वेगळी फाइल करावी लागते. स्प्रिंग रिव्हर्ब (ॲम्पमधल्या स्प्रिंगांतून येणारा घुमारा) शून्यावर ठेवावा लागतो, कारण मागे रेंगाळणारा आवाज हे नेटवर्क शिकत नाही. आमच्या ब्लूज ज्युनिअरचा निम्मा गोडवा त्या रिव्हर्बमध्ये आहे, तो इथे गळून पडतो. सॉफ्टवेअरमधला स्प्रिंग रिव्हर्ब जोडता येतो, काम भागते, पण ॲम्पला चुकून पाय लागल्यावर येणारा तो ‘धडाम’ काही येत नाही. (तो कुणाला हवा असतो, हा प्रश्न रास्त आहे. मला हवा असतो.)

आता आवाज. गिटारचा कोरा सिग्नल एकदाच रेकॉर्ड केला, तोच रीॲम्प करून खऱ्या ॲम्पला दिला आणि तोच नॅमला दिला. नॅमच्या फाइलमध्ये स्पीकर आणि माईक दोन्ही धरलेले, म्हणजे सामना बरोबरीचा. क्लीन आवाजात आणि किंचित फुटणाऱ्या (डिस्टॉर्शनच्या) आवाजात फरक सांगता येत नाही. मला नाही, आमच्या ड्रमरला नाही, आणि ‘ट्यूबची ऊब कानाला लगेच कळते’ म्हणणाऱ्या म्हापशाच्या एका जुन्या गिटारवादक मित्रालाही नाही. त्याने आत्मविश्वासाने बोट ठेवले ते नॅमवर. नंतर म्हणाला, हेडफोन बरोबर नव्हते.

इथे बरेच लोक सिम्युलेटरला विजयी घोषित करून मोकळे होतात. मला मात्र ही चाचणीच लबाड वाटते. वाजवणे आधीच होऊन गेलेले असते. बोटे थांबलेली असतात, मग तोच सिग्नल दोन ठिकाणांहून फिरवून आणला तर तो सारखाच येणार. खरा फरक पडतो तो त्याआधी, बोटे तारेवर असताना.

माझा धाकटा भाऊ आमच्याकडे लीड गिटार वाजवतो. तो ॲम्पसमोर उभा राहून सोलो घेतो तेव्हा बाराव्या पडद्याच्या आसपास एखादा सूर धरून ठेवतो आणि अंग हळूच ॲम्पकडे वळवतो. स्पीकरमधली हवा तारेला परत ढकलते, सूर विरायच्या ऐवजी उभा राहतो आणि दोन-तीन सेकंदांनी वरच्या सप्तकात उलटतो. याला फीडबॅक म्हणतात. तेवढा वेळ तो काहीच वाजवत नाही, फक्त ऐकतो. तोच माणूस तेच गाणे हेडफोन लावून, लॅपटॉपसमोर खुर्चीत बसून वाजवतो तेव्हा सूर धरतो, तो विरू लागतो, आणि ती रिकामी जागा त्याला सोसत नाही. मग तिथे चार सूर भरतो. आमच्या गाण्यांतले सिमवर वाजवलेले सोलो आणि ॲम्पवर वाजवलेले सोलो लागोपाठ ऐकले तर टोनवरून कळत नाही, पण सुरांच्या गर्दीवरून हमखास कळते. सिमवाल्या सोलोत थांबे कमी.

यावर उपाय आहे: सिम वापरायचा पण मॉनिटर स्पीकर मोठे करून त्यांच्यासमोर वाजवायचे. फीडबॅक येतो, बऱ्यापैकी येतो. मात्र मग शेजाऱ्यांचा प्रश्न पुन्हा उभा, आणि ज्यासाठी सिम घेतला तेच हातचे गेले.

शेजाऱ्यांचे म्हणाल तर पलीकडचे काका सज्जन आहेत. त्यांनी आजवर तक्रार केलेली नाही. कुंपणापाशी येऊन फक्त विचारतात, ‘बाबा, आज देवळांत कार्यक्रम आसा काय कितें?’ एवढे विचारले की मी मास्टर नॉब खाली घेतो, आणि मास्टर खाली घेतला की ब्लूज ज्युनिअरच्या आउटपुट ट्यूब झोपतात, स्पीकर ढिला पडतो आणि रेकॉर्डिंगमध्ये आवाज पातळ येतो. ट्यूब ॲम्पचा हा जुना तिढा आहे: तो चांगला वाजतो तो मोठा वाजतो तेव्हाच. लोड बॉक्स हा मधला मार्ग. स्पीकरच्या जागी तो जोडायचा, ॲम्पला वाटते स्पीकर आहे, घर शांत. मात्र ट्यूब ॲम्प स्पीकरविना, लोडविना कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो पार्ट बदलून घेणे आपल्याकडे सोपे नाही.

पावसाचे गणित जरा वेगळे आहे. लोकांना वाटते नळ्यांवर पाऊस वाजत असताना माईकने रेकॉर्ड करणे अशक्य. तसे नाही. ॲम्प जोरात असतो तोवर पाऊस त्याखाली बुडून जातो, एसएम५७ जाळीला टेकवलेला असतो, त्याला मागचे फार ऐकू येत नाही. घोळ होतो शेवटच्या कॉर्डला. कॉर्ड विरत जातो आणि त्याच्या खालून पाऊस वर येतो. भक्तिगीताच्या शेवटी संथ आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) असेल तर संपलेच. एकदा एका गायकाला तो पाऊस इतका आवडला की त्याने तो ठेवायला लावला, पण पुढच्या कडव्यात पाऊस थांबलेला होता, आणि मिक्समध्ये ते फार विचित्र वाटत होते. तेव्हापासून चवथीच्या गाण्यांना सिम. घरच्यांना ऐकू येते ती फक्त तारांची टिकटिक.

ओलाव्याबद्दल वेगळे सांगायला नको, गोव्यात राहणाऱ्याला ठाऊक आहे. जुलैत ॲम्पच्या कव्हरवर पांढरी बुरशी धरते, पॉट (नॉबमागचे पार्ट) खरखरतात, जॅक हिरवट होतात. ॲम्प वापरात असला तर तापून कोरडा राहतो. पावसात तो आठवड्यातून एकदा तासभर नुसता चालू ठेवणे ही आमच्या घरची रीत आहे. ट्यूबवाल्या रेडिओच्या काळात बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची. आता जे मिळते ते रशिया, स्लोव्हाकिया किंवा चीनहून येते, आणि ऑनलाइन मागवलेली जोडी घरी पोचेपर्यंत जीव टांगणीला. सिमला हा त्रास नाही. सिमला दुसराच त्रास: एका नावाजलेल्या कंपनीचा विकतचा प्लगइन माझ्याकडे होता, त्याचे लायसन्स अधूनमधून इंटरनेटवर तपासले जायचे. पावसात लाइन गेली, नेट गेले, गायक समोर बसलेला, आणि स्क्रीनवर ‘परवाना आढळला नाही’. नॅमकडे वळायचे ते मोठे कारण होते.

विजेचे व्होल्टेज हाही आपल्याकडचा खास विषय. ट्यूब ॲम्पच्या आतले व्होल्टेज भिंतीतल्या व्होल्टेजबरोबर खालीवर होते. संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि एसी चालू झाले की २३० चे बरेच खाली येते, आणि ॲम्प लवकर फुटू लागतो, मऊ होतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलन यासाठी मुद्दाम व्हेरिॲक (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून आपल्या मार्शल ॲम्पला कमी व्होल्टेज द्यायचा. आम्हाला ते फुकट मिळते, फक्त कधी मिळेल ते सांगता येत नाही. सकाळी घेतलेला टेक आणि संध्याकाळी घेतलेली दुरुस्ती एकमेकांना जुळत नाहीत. एकाच गाण्यावर आठवडाभर काम चालणार असेल तर सिमची ही एकसारखी वागणूक मला ॲम्पच्या सगळ्या गुणांपेक्षा मोलाची वाटते.

गुणगुण मात्र सिम घालवत नाही, हा गैरसमज काढून टाका. पिकअप (तारांखालचे चुंबक-वेटोळे) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा असेल, घर जुने, सॉकेटला अर्थिंग नाही, वर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर. तर जी भुणभुण येते ती गिटारमध्येच शिरलेली असते आणि सिमच्या गेनने (सिग्नल वाढवण्याने) तितकीच फुगते. पंखा पूर्ण वेगात ठेवा किंवा बंद करा. मधल्या वेगाला रेग्युलेटर वीज कापून कापून देतो, ते कापणे पिकअपला ऐकू जाते. मे महिन्यात पंखा बंद करून डिस्टॉर्शनचे टेक घेणे हे तप आहे.

लेटन्सीबद्दल, म्हणजे तार छेडल्यापासून कंप्यूटरमधून आवाज येईपर्यंतच्या उशिराबद्दल, फार रडगाणे ऐकू येते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (कंप्यूटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाण्यायेण्याचे आणि कन्व्हर्टरचे धरून दहाच्या आसपास जाते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहिलात तरी नऊ मिलिसेकंद उशीर होतोच, आणि स्टेजवर त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. बफर ५१२ वर ठेवून ‘फील नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी तो कमी करावा.

प्रेसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेली सेटिंग, हे खरे दुखणे. सिम उघडला की पहिल्याच प्रेसेटमध्ये डिले, रिव्हर्ब, दोन गिटारींइतका रुंद स्टिरिओ. एकट्याने ऐकताना छाती फुगते. ढोलकी, घुमट, टाळ आणि गायक आत आले की ती गिटार कुठेतरी मागे धुरात जाते. मी रिव्हर्ब काढतो, गेन वाटते त्याच्या निम्म्यावर आणतो, खालचे १०० हर्ट्झपर्यंतचे कापतो. घुमटाला ती जागा लागते. आणि कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची डिजिटल नक्कल) चालू आहे ना, ते बघा: गिटारचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचे जवळजवळ गाळून टाकतो, ते गाळणे नसेल तर डिस्टॉर्शन म्हणजे पत्र्याच्या डब्यात अडकलेली गांधीलमाशी. खऱ्या ॲम्पच्या बाजूने हा एक मोठा मुद्दा आहे की तो निवड आधीच करायला लावतो. माईक स्पीकरच्या मधोमध ठेवला तर आवाज कडक, कडेला सरकवला तर मवाळ, अर्धा इंच सरकवला तरी फरक. भाऊ वाजवतो, मी कानावर हेडफोन घट्ट दाबून माईक सरकवतो, एका जागी ‘हां’ येते, तिथे स्टँड घट्ट करायचा आणि विषय संपला. सिममध्ये तो विषय कधीच संपत नाही. मिक्स करताना रात्री बारा वाजता सुद्धा माईक सरकवता येतो, आणि माणूस सरकवत बसतो.

जास्त गेनवर नॅमचा एक दोष पकडता येतो. वरच्या पडद्यांवर सावकाश बेंड घ्या (तार ओढून सूर चढवा), गेन भरपूर ठेवा, आणि हेडफोन लावून सुराच्या मागे ऐका. सूर वर चढत असताना एक बारीक शिट्टी खाली उतरताना ऐकू येते. याला एलियासिंग म्हणतात: सॅम्पल रेटमध्ये न मावणारे वरचे हार्मोनिक दुमडून खाली परत येतात आणि उलट्या दिशेने चालतात. मिक्समध्ये ते झाकले जाते. पण एकदा ऐकलेत की प्रत्येक वेळी ऐकू येईल, तेव्हा ऐकावे की नाही ते आपले आपण ठरवा. विकतच्या बऱ्याच सिम्युलेटरांत ओव्हरसॅम्पलिंगची (आत जास्त सॅम्पल रेटवर काम करण्याची) सोय असते, तिथे हे कमी होते, कंप्यूटर मात्र हाशहुश करतो.

‘ॲम्पशिवाय गिटार म्हणजे फसवणूक’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. बीटल्सनी १९६८ मध्ये गिटार थेट मिक्सिंग कन्सोलमध्ये घालून, तो ओव्हरलोड करून, कन्सोलमध्येच आवाज फोडला होता. टॉम शोल्झचा रॉकमन, छोटा हेडफोन ॲम्प, १९८२ चा. डेफ लेपर्ड या रॉक बँडच्या १९८७ च्या अल्बमवरच्या गिटारी मुख्यतः त्यावर झाल्या. ॲम्पची नक्कल करणारी यंत्रे पुढे येतच गेली: सॅन्सॲम्प १९८९, लाइन सिक्सचा तो लाल पॉड १९९८, केम्पर २०११. गोव्यातल्या घरगुती रेकॉर्डिंगलाही चांगला वारसा आहे. रेमो फर्नांडिस यांनी ऐंशीच्या दशकात शिवोलीच्या घरी चार-ट्रॅक मशीनवर अल्बम करून दाखवला, तेव्हा यातले निम्मे यायचे होते.

माझा निवाडा असा. भक्तिगीत, मागे दोन क्लीन गिटारी, गायकाला पुढे ठेवायचे: नॅम, डोळे मिटून. डबल-ट्रॅक केलेली (दोनदा वाजवून डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेली) जाड रिदम: नॅमच, पण दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या ॲम्पच्या फाइली घ्या, टोन-३००० या साइटवर लोकांनी ढिगाने ठेवल्या आहेत, चांगल्या फार थोड्या. सोलो, आणि जिथे एक सूर धरून ठेवायचा आहे असे काहीही: दसऱ्यापर्यंत थांबा आणि ॲम्प लावा. थांबता येत नसेल तर मॉनिटर मोठे करा आणि आधी काकांना सांगून या. ॲम्पवर घेताना गिटारचा कोरा सिग्नलही दुसऱ्या ट्रॅकवर घेत चला. पुढे टोन बदलायची वेळ आली तर वाजवणे तरी ॲम्पसमोरचे उरते.

आणि जुना ट्यूब ॲम्प घेणार असाल तर सीझन संपताना, एप्रिलच्या शेवटी, हरमल-हणजुण्याच्या बाजूला नजर ठेवा. परत जाणारे परदेशी लोक बरेच काही विकून जातात. मागच्या पॅनेलवर २३० व्होल्ट लिहिले आहे ना ते बघा. १२० चा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, त्याची किंमत सौद्यात धरा. मागून टॉर्च मारून स्पीकरचा कागद बघा, कडेला बुरशीचे डाग असतील तर भाव पाडा. चालू करून प्रत्येक नॉब सावकाश पूर्ण फिरवा, मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने प्रत्येक ट्यूबला हलके टिचकी द्या. किंचित टणत्कार चालतो. खणखणत घुमायला लागली तर त्या ट्यूबचे पैसे वजा करूनच खिशात हात घाला.